मृदुकाय प्राण्यांची वंशावळ : परस्परविरोधी गृहीतकांचा इतिहास

प्रस्तावना :
गोगलगाय, शिंपला व माकूळ हे सर्व मृदुकाय संघातील प्राणी होत. त्यांचा आद्य पूर्वज कसा असावा, याविषयी प्राणिशास्त्रज्ञांत दीर्घकाळ मतभेद होते. जे साधे तेच प्राचीन, असे मानता येते काय, हा या वादाचा गाभा होय. प्रस्तुत लेखात या वादातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेतला आहे.

निओपिलिनाचा शोध :
१९५२ मध्ये 'गॅलाथिया' या डॅनिश मोहिमेस कोस्टारिकानजीक पॅसिफिक महासागरात साडेतीन हजार मीटरहून अधिक खोलीवर टोपीसारख्या एकाच कवचाचे काही प्राणी सापडले. हा गट डेव्होनियन कालखंडानंतर नामशेष झाला, असा तोवर समज होता. हेनिंग लेम्के यांनी १९५७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. निओपिलिनाच्या शरीरात कल्ल्यांच्या पाच व पादस्नायूंच्या आठ जोड्या आहेत. या पुनरावृत्तीवरून मृदुकायांचा पूर्वज गांडुळासारखा खंडयुक्त असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. तथापि, जोड्यांच्या संख्या परस्परांशी जुळत नाहीत. त्यामुळे हे खरे खंडीभवन नव्हे, असा आक्षेप पुढे आला.

दोन गृहीतके :
वादाचा दुसरा विषय म्हणजे कवचहीन, कृमिसदृश मृदुकाय. 'टेस्टारिया' गृहीतकानुसार हे प्राणी सर्वांत आधी वेगळे झाले. आठ पट्ट्यांचे कवच असणारे कायटन हे इतर कवचधारींचे आप्त ठरतात. याउलट 'अ‍ॅक्युलिफेरा' गृहीतक कृमिसदृश प्राणी व कायटन यांना एकाच शाखेत ठेवते. दोहोंच्या त्वचेवर चुनखडीचे सूक्ष्म काटे असतात, हा त्याचा एक आधार. पहिल्या मतानुसार कवचाचा अभाव हे मूळ लक्षण, तर दुसऱ्यानुसार कवच मागाहून लोप पावले असणे शक्य ठरते.

नवा पुरावा :
२०११ मध्ये अनेक जनुकांच्या तुलनेवर आधारित दोन स्वतंत्र अभ्यासांनी अ‍ॅक्युलिफेरास पुष्टी दिली. २०१२ मध्ये इंग्लंडमधील हेरफर्डशायर येथील सुमारे ४२.५ कोटी वर्षांपूर्वीच्या 'कुलिंड्रोप्लॅक्स' या जीवाश्माचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे शरीर कृमिसदृश असून पाठीवर सात पट्ट्या होत्या. २०२५ मधील संपूर्ण जनुकसंचांच्या अभ्यासातही हीच विभागणी आढळली.

समारोप :
सारांश, कृमिसदृश मृदुकायांचे साधेपण हा आद्यतेचा अवशेष नसून ऱ्हासाचा परिणाम असावा, असे आजचा पुरावा सुचवितो. साधेपणास प्राचीनतेचा पुरावा मानणे हे गृहीतच होते. वंशावळ स्वतंत्रपणे सिद्ध झाल्यावाचून त्याची परीक्षा होऊ शकत नव्हती.