गोताचा न्याय आणि परतीची वाट

‘गुन्हेगारी’ हा शब्द आज आपण अपराधांच्या प्रमाणाविषयी बोलताना योजतो. शिवकालीन व पेशवेकालीन कागदांत त्याचा अर्थ निराळा आहे. अपराध्याने सरकारात भरावयाचा दंड, ती गुन्हेगारी. आणि वादात जो खरा ठरे त्याने संतोषाने सरकारास द्यावयाची रक्कम, ती हरकी. त्या काळचा न्याय कसा चाले याचे मर्म अशा शब्दांतून उकलते. अपराध ही एका व्यक्तीची खाजगी गोष्ट नसून तिचा भार कुळाने, गावाने व गोताने वाहावयाचा, ही त्या न्यायाची मूळ धारणा होती.

गावचा तंटा गोतसभेपुढे येई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार व शेजारच्या गावचे जाणते लोक बसत, उभय पक्षांच्या तकरीरी ऐकत, साक्षी घेत आणि निर्णयाचा महजर लिहीत. महजरावर ज्यांना अक्षरओळख नव्हती तेही आपली निशाणी करीत. कुणब्याने नांगर काढावा, बलुतेदाराने आपल्या हत्याराची खूण करावी. गावात चोरी झाली तर माग काढीत. तो ज्या गावाच्या शिवेत शिरे, त्या गावाने माग पुढे लावून द्यावा, नाहीतर चोरीची भरपाई करावी, असा रिवाज होता. चोर एक, पण जबाब साऱ्या गावाने द्यावयाचा.

पुरावा अपुरा पडला म्हणजे दिव्याची पाळी येई. कढत तेल-तुपातून धातूचा रवा हाताने काढावयाचा, हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर करावयाची आणि नेमल्या दिवशी तो पाहून खरेखोटे ठरवावयाचे, हे रवादिव्य. अवघड काम पार पाडण्यास आपण ‘दिव्य करणे’ म्हणतो, ते याच रूढीचे भाषेत उरलेले अवशेष होत.

या न्यायाचा कठोरपणा आणि त्यातील आधार ही दोन्ही रांझे गावच्या प्रकरणात एकत्र दिसतात. तेथील पाटील बावाजी भिकाजी गुजर याने बदअमल केल्याचे उघड झाल्यावर शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडविले. 28 जानेवारी 1646 च्या पत्रात ही हकीकत आहे. पण पत्र येथेच संपत नाही. त्याच्याच गोतातील सोनजी गुजर याने त्या अपंगास आपल्या हवाली करून घेतले आणि गावची पाटिलकी त्यास मिळाली. राजाने शिक्षा केली. शिक्षा भोगलेल्या माणसाला सांभाळण्यास गोत पुढे आले.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिचे दोष झाकून ठेवणे मात्र इतिहासास धरून होणार नाही. शिक्षा जात पाहून कमीअधिक होई. ब्राह्मणास बहुधा देहान्त शिक्षा नसे. बदकर्माचा आरोप आलेल्या स्त्रियांना सरकारी कुणबिणी करून किल्ल्यांवर व कोठ्यांवर राबवीत, तर पुरुष अनेकदा दंड भरून सुटत. म्हणूनच 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे महाराष्ट्राच्या स्मरणात राहिले. जे सर्वत्र घडत होते, त्यापेक्षा ते वेगळे होते.

आता आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांशी निगडित असलेल्या शिक्षेकडे वळू. ती म्हणजे वाळीत टाकणे. वाळीत पडलेल्याशी रोटीबेटीव्यवहार बंद होई. ज्या काळी गोताबाहेर जगणेच अशक्य, त्या काळी ही शिक्षा तुरुंगाहून जड होती. परंतु तिला एक दार ठेवलेले असे. सरकारची गुन्हेगारी भरावी, ब्राह्मणसभेने सांगितलेले प्रायश्चित्त करून शुद्धिपत्र घ्यावे आणि शेवटी गोताला भोजन घालून त्याच पंक्तीत स्वतः बसावे. यास गोतपत म्हणत. पंक्तीला बसला की मागील दोष संपला. पेशवाईत अनेक प्रसंगी सरकार स्वतः यात लक्ष घाली आणि अमक्यास गोतात घ्यावे अशी ज्ञातीस आज्ञा करी. म्हणजे ज्ञातीच्या हातातील दंड मोकाट नव्हता. त्यावर हुजुराची नजर होती.

पेशवाई गेली आणि 1827 मध्ये एल्फिन्स्टनच्या काळात मुंबई इलाख्याचे कायदे झाले. फौजदारी गुन्हे सरकारी न्यायालयांकडे गेले. परंतु जातीच्या प्रश्नांत न्यायालयांनी सहसा पडू नये असे ठरले. परिणामी बहिष्काराचे शस्त्र ज्ञातीकडे राहिले आणि त्यावरील नजर मात्र सुटली. 1850 च्या कायद्याने जातिबहिष्कृताचा वारसाहक्क राखला, पण वाळीत टाकण्याची रूढी तशीच चालू राहिली. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. तो 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. पुढे महाराष्ट्राने 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. 2017 पासून तो अमलात असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. जी ज्ञाती एके काळी न्यायासनावर बसे, तीच बहिष्कार घालील तर आज आरोपीच्या जागी उभी राहील.

हे योग्यच झाले. दंड करण्याचा अधिकार राज्याचा. तो आपल्याकडे नाही याची खंत कोणी करू नये. परंतु जुन्या गोताचे दुसरे अर्धे काम कोणत्याही कायद्याने हिरावून घेतलेले नाही. चुकलेला तरुण कैद भोगून घरी येतो, मनाविरुद्ध विवाह केलेली कन्या माहेरच्या उंबऱ्याशी थबकते, कर्जात बुडालेला बांधव मंडळाच्या मेळाव्यास येण्याचे टाळतो. यांतील कन्येने तर गुन्हा केलेलाच नाही. तिच्यासाठी प्रायश्चित्ताचे नावही काढू नये. तिला आणि या साऱ्यांना पंक्तीत आणून बसविणे हे आपले काम आहे. पूर्वजांचा वारसा सांगावयाचा तर वाळीत टाकण्याचा सांगू नये. सोनजी गुजराचा सांगावा. पंक्तीत एक पान अधिक मांडण्यास कोणाचीही आज्ञा लागत नाही.