तळटीप १७ : पाट व काडीमोड

१७. पाट : विधवेचा, अथवा काडीमोड झालेल्या स्त्रीचा, ज्ञातिसंमत पुनर्विवाह. अमरावती-अकोल्याकडील कुणबी, माळी, तेली इत्यादी ज्ञातींत तो पूर्वापार रूढ असून बोहले व वाजंत्री यांवाचून, बहुधा रात्री, लागे. तथापि विधीच्या या संकोचाने त्याची वैधता उणावत नसे व पाटाच्या स्त्रीची संतती औरसच गणली जाई. मराठा अमदानीत त्यावर ‘पाटदाम’ हा कर असे. वर निर्देशिलेला शेताचा तंटा समजण्यास १८५६ च्या विधवाविवाह कायद्याचे दुसरे कलम ध्यानी घ्यावे : पुनर्विवाह करणारीचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क त्याने संपुष्टात येई. ज्या ज्ञातींत पाट आधीपासूनच संमत होता त्यांनाही ते लागू करावे काय, याविषयी मुंबई व अलाहाबाद येथील हायकोर्टांत मतभेद होता; मुंबईने ते लागू केले, आणि पुनर्विवाहासाठी ज्यांना या कायद्याची मुळी गरजच नव्हती अशा कष्टकरी स्त्रियांनाच त्याचा भुर्दंड बसला, हा आमच्या मते उघड अन्याय होय. रूढिसिद्ध काडीमोड १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २९ व्या कलमाने अबाधित राखली आहे.