शस्त्रक्रियागृहातील जंतुसंसर्ग : कारणे आणि प्रतिबंध

शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यानंतरही जखमेतील जंतुसंसर्गामुळे रुग्णाच्या जिवाला धोका निर्माण होऊ शकतो. हे जीवाणू अनेकदा बाहेरून येत नाहीत. ते रुग्णाच्या त्वचेवर, नाकात किंवा आतड्यांत आधीपासूनच असतात.

प्रमुख जीवाणू

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू सुमारे ३० टक्के लोकांच्या नाकात आढळतो. तेथे तो सहसा निरुपद्रवी असतो. मात्र छेदातून आतील ऊतींत पोहोचल्यास जखमेत पू होतो. आतड्यांच्या शस्त्रक्रियेत ई. कोलायसारख्या जीवाणूंचा धोका असतो. धनुर्वाताचे जीवाणू बीजाणूंच्या रूपात राहतात व हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात.

उपकरणांचे निर्जंतुकीकरण

या कारणास्तव उपकरणे केवळ उकळणे पुरेसे नसते. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफेने १२१ अंश सेल्सिअस तापमानाला किमान १५ मिनिटे, तर गुंडाळलेल्या संचांना त्याहून अधिक वेळ प्रक्रिया करावी लागते. तत्पूर्वी उपकरणांवरील रक्त व ऊतींचे कण धुऊन काढणे अत्यावश्यक आहे. अन्यथा त्यांच्या आड जीवाणू सुरक्षित राहतात.

हातांची स्वच्छता

हात निर्जंतुक केल्यास मृत्यू टळतात, हे व्हिएन्ना येथे इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये प्रसूती कक्षात दाखवून दिले. ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमांवर कार्बोलिक आम्लाचा वापर सुरू केला. आज हातमोजे वापरले जात असले, तरी त्यांना नकळत छिद्रे पडू शकतात. त्यामुळे हातमोजे हा हात धुण्याला पर्याय ठरत नाही.

प्रतिबंधाचे नियम

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने स्नान करावे. वस्तऱ्याने केस काढू नयेत, कारण त्यामुळे त्वचेवर होणाऱ्या सूक्ष्म जखमांत जीवाणू वाढतात. आवश्यकता असल्यास क्लिपरने केस कापावेत. प्रतिबंधात्मक प्रतिजैविक आवश्यक असल्यास ते छेद घेण्यापूर्वी १२० मिनिटांच्या आत द्यावे, म्हणजे छेदाच्या वेळी ऊतींत त्याचे पुरेसे प्रमाण असते. शस्त्रक्रिया संपल्यानंतर केवळ प्रतिबंधासाठी ते सुरू ठेवू नये. अशा अनावश्यक वापराने संसर्ग टळत नाही. उलट औषधांना दाद न देणारे जीवाणू बळावतात.

शस्त्रक्रियागृहातील माणसांच्या त्वचेवरील सूक्ष्म कण हवेत मिसळत असतात. म्हणूनच तेथील हवा गाळून घेतली जाते व आतील दाब बाहेरच्यापेक्षा अधिक राखला जातो. वारंवार दार उघडल्यास ही व्यवस्था बिघडते.

रुग्णांनी घ्यावयाची काळजी

बहुतेक संसर्ग शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांच्या आत, तर कृत्रिम सांध्यासारखे रोपण असल्यास काही वेळा त्यानंतरही दिसून येतात. घरी परतल्यावर जखमेभोवती वाढती लाली, सूज, पू किंवा ताप आढळल्यास मनाने औषध न घेता तातडीने शल्यचिकित्सकांना दाखवावे.