उमेदवार आवृत्ती

ब्रिटिश अमदानीत, पुढेमागे नेमणूक होईल या आशेवर कचेरीत बिनपगारी दप्तरे वाहणाऱ्यास ‘उमेदवार’ म्हणत. आणि फारसीतील ‘उमेद’ त्या बापड्याच्या स्थितीस इतकी चपखल बसली होती, की संगणकाच्या कार्यप्रणालीचे जे प्रसिद्धीपूर्व रूप जाणकारांत ‘रिलीज कँडिडेट’ किंवा नुसते ‘आरसी’ म्हणून ओळखले जाते, त्यास ‘उमेदवार आवृत्ती’ म्हणणेच मला रास्त वाटते. दोष निघाला नाही तर कायम व्हायचे, निघाला तर दुसऱ्या उमेदवारास जागा करून द्यायची. लिनक्स या कार्यप्रणालीच्या कर्नेलचे, म्हणजे गाभ्याचे, असे उमेदवार बहुधा दर रविवारी निघतात.

राहात्याहून पाहिले म्हणजे ही आठवड्याची मुदत फार तोकडी दिसते. गोदावरीच्या कालव्यावर पेरूच्या बागा राखणाऱ्या या मुलखास पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरून आवर्तनाची वाट पाहणे नवे नव्हे. परंतु पाटाचे पाणी उशिरा आले तरी पाणीच असते, उशिरा आलेला उमेदवार मात्र शिळा ठरतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट जनतेस खुले केले तेव्हाच्या ९.६ केबीपीएसच्या जोडणीवर ६५० एमबीची एक सीडी अखंड उतरवण्यास सहा दिवसांहून अधिक लागले असते, आणि पुढे ५६ केबीपीएसचे मोडेम आले तरी तोच हिशेब कागदावरही पंचवीस तासांखाली उतरत नव्हता. मासिकांबरोबर सीड्या येत, पण त्या बहुधा कायम झालेल्या आवृत्त्यांच्या. उमेदवारास टपालाने हिंडवण्याइतकी सवड कोणास होती?

तोड निघाली ती रुजवातीच्या जुन्याच रीतीने. १९९६ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ सिद्ध केले: घेणाऱ्याने आपल्या जुन्या प्रतीचे तुकडे पाडून त्यांच्या खुणा तेवढ्या कळवाव्या, आणि देणाऱ्याने जे जुळत नाही तेवढेच धाडावे. कर्नेलच्या बाबतीत तर मागच्या कायम आवृत्तीपासूनच्या फरकाचा ‘पॅच’ तेवढा उतरवून, तो मुळावर चढवून, सारी बांधणी घरच्याच यंत्रावर रात्रभर चालू ठेवता येई. म्हणजे तारेवरचा भार विजेवर पडे, आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज तरी कोठे भरवशाची होती!

मराठीपुरते पाहायचे तर, १४ फेब्रुवारी २००९ रोजी लिनक्सवर आधारलेल्या डेबियनची ‘लेनी’ ही आवृत्ती निघाली आणि तिच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी नव्याने दाखल झाली. साध्या अक्षरपडद्यावर देवनागरीची जोडाक्षरे पेलत नसल्याने मराठीस चित्रमय इन्स्टॉलरच लागे. जोडाक्षर फुटले, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसली, तर ते बांधणी करणाऱ्या यंत्रास उमगत नाही. त्यासाठी, आवृत्ती उमेदवार असतानाच, मराठी वाचणारा डोळा हवा. सुदैवाने पहिले पडदे पाहण्यापुरती, सगळ्या सीडीच्या मानाने अगदीच लहान अशी ‘मिनी’ प्रतिमा मिळत असे, आणि उरलेली पॅकेजे मागवण्याची वेळ येण्यापूर्वीच पुष्कळशी वेलांटी-उकाराची तपासणी उरकून घेता येई.