कशावरून?

एम.ए.ला असताना माझ्या निबंधाच्या समासात सरांनी लाल शाईनं एकच इंग्रजी शब्द लिहिला होता. 'सबस्टॅन्शिएट'. पुढे उद्गारचिन्ह. मी मराठी माध्यमाचा, हा शब्द बापजन्मी ऐकलेला नव्हता. खोलीवर जाऊन शब्दकोश काढला. अर्थ सापडला : पुराव्यानं सिद्ध करणे.

ज्या वाक्यापाशी तो शब्द होता, ते वाक्य असं : शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ मध्ये नव्हे, तर शके १५५१ मध्ये झाला, हे सर्वमान्य आहे.

मला रागच आला. वाक्य चुकीचं थोडंच होतं? दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं.
"सर, हे बरोबर आहे ना?"
"बरोबर आहे. कशावरून?"
"पुस्तकात दिलंय."
"आणि पुस्तकाला कुणी सांगितलं?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं बोलत असूनही मी त्या दिवशी निरुत्तर झालो होतो. ते उत्तर शोधायला मला महिनाभर लागला. आज ते इथे लिहितोय. (तारीख की तिथी हा वाद वेगळा, त्यात आज शिरत नाही.)

उत्तरकालीन बखरींच्या आधारानं शके १५४९, म्हणजे इ.स. १६२७, हे जन्मवर्ष बराच काळ रूढ होतं. बखरी महाराजांच्या काळानंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेल्या, आणि एकीचं पाहून दुसरी लिहिलेली. दहा बखरींत तेच वर्ष सापडलं म्हणून दहा साक्षीदार झाले का? नाही. साक्षीदार एकच, बाकीच्या नकला.

शिवजयंतीचा उत्सव लोकांपर्यंत नेण्यात लोकमान्य टिळकांचा मोठा वाटा. उत्सव जोरात होता, लोक येत होते. तिथी नक्की कुठली हा प्रश्न काढायची त्यांना राजकीय गरज काहीच नव्हती. तरी १९०० साली त्यांनी 'केसरी'त तो प्रश्न उघडपणे मांडला. पुढे भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली एक शकावली त्यांच्या हाती आली. शकावली म्हणजे सालवार टिपणं. कुठल्या शकात काय घडलं, एकेका ओळीत. कसलंही वर्णन नाही, भाट नाहीत, चमत्कार नाहीत. कान्होजी जेधे महाराजांच्या पदरचे, त्यामुळे त्या घराला आतली माहिती. तीत जन्मतिथी होती : शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. टिळकांनी १९१६ साली ही शकावली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत छापून सगळ्यांसमोर ठेवली. हे मंडळ राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यात काढलेलं, जुने कागद गोळा करून तपासण्यासाठीच.

पण एक कागद सापडला म्हणून वाद मिटला नाही, आणि मिटायलाही नको होता. एका घराण्याच्या टिपणावर विसंबायचं कसं? मग तंजावरहून 'शिवभारत'ची पोथी मिळाली. महाराजांच्या पदरच्या कवींद्र परमानंदाचं संस्कृत काव्य. दिवेकरांनी ते १९२७ साली प्रसिद्ध केलं. त्यातही शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, जन्म शिवनेरीवर. आणि पार राजस्थानात, जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची कुंडली निघाली. तिथी तीच.

मावळातला देशमुख, दरबारातला कवी, मारवाडातला ज्योतिषी. तिघांची भाषा वेगळी, लिहिण्याचं कारण वेगळं. एकानं दुसऱ्याची नक्कल केली असं मानायला जागा दिसत नाही, आणि तिघे एकाच दिवसावर येतात. याला इंग्रजीत आणखी एक शब्द आहे, 'कॉरोबरेट'. एका पुराव्याला दुसऱ्या स्वतंत्र पुराव्यानं बळ देणं. आपण पुष्टी म्हणतो.

तरीही पुढे अनेक वर्षं वाद चालला. १९६६ साली सरकारनं इतिहासकारांची समिती नेमली. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख राज्य सरकारनं अधिकृतपणे मान्य केली ती २००१ साली. म्हणजे शकावली छापल्यानंतर ८५ वर्षांनी. मी 'सर्वमान्य आहे' असं तीन सेकंदांत लिहून मोकळा झालो होतो.

'सबस्टॅन्शिएट'चं मूळ लॅटिनमध्ये आहे, खाली उभं असणं या अर्थाचं. मराठीला हे नवीन नाही. आपण बिनबुडाचा आरोप म्हणतो. बूड नसलेलं भांडं कितीही चकचकीत असो, ठेवलं की कलंडतं. दाव्याखाली बूड बसवायचं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

हे सगळं आज का आठवलं? परवा फॅमिली ग्रुपवर मी महाराजांच्या नावानं फिरणारं एक वचन पुढे ढकललं. छान होतं, अंगावर काटा आला, म्हणून ढकललं. दोन मिनिटांत अकरावीतल्या भाचीचा मेसेज : "मामा, हे कोणत्या पत्रात आहे?"

पहिल्यांदा रागच आला, अगदी तेव्हासारखा. मग रात्री शोधत बसलो. शंभर ठिकाणी तेच वचन, आणि शंभर ठिकाणी 'संग्रहित'. पत्र नाही, साल नाही, दप्तराचं नाव नाही. शंभर नकला, साक्षीदार एकही नाही. ग्रुपवर लिहिलं : "आधार सापडला नाही, पोस्ट काढतोय." एका काकांनी विचारलं, महाराजांवर शंका घेतोस काय? म्हटलं, काका, महाराजांवर नाही, माझ्यावर घेतोय.

ज्यांनी महाराजांचा उत्सव घरोघरी पोचवला, त्यांनीच महाराजांची तिथी तपासून घेतली. त्यात त्यांची भक्ती कमी झाली नाही. तुमच्या घरातलं कुणी पोर उद्या "कशावरून?" म्हणालं, तर त्याला गप्प बसवू नका. उत्तर माहीत नसेल तर दोघं मिळून शोधा.