बंद दाराआडची निवड : संयुक्त राष्ट्रसंघाचा सरचिटणीस कसा ठरत आला? (थ्रेड)

१/ मार्च १९८६. ऑस्ट्रियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर असताना व्हिएन्नातील ‘प्रोफिल’ या नियतकालिकाने एका उमेदवाराच्या युद्धकाळातील नोंदी उजेडात आणल्या. उमेदवार होते कुर्ट वाल्डहाइम. १९७२ ते १९८१ अशी दहा वर्षे ते संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस होते.

२/ १९४१ मध्ये रशियन आघाडीवर जखमी झाल्यावर आपण कायद्याच्या अभ्यासाकडे वळलो, असे वाल्डहाइम सांगत आले होते. प्रत्यक्षात त्यानंतर ते बाल्कन प्रदेशात जर्मन सैन्यात अधिकारी होते. त्यांचे सेनापती अलेक्झांडर ल्योर यांना १९४७ मध्ये युगोस्लाव्हियात युद्धगुन्ह्यांसाठी मृत्युदंड झाला होता.

३/ याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. युगोस्लाव्हियाच्या तक्रारीवरून युद्धगुन्हे आयोगाने १९४८ मध्ये वाल्डहाइम यांचे नाव आपल्या यादीत घेतले होते. त्या आयोगाचे दप्तर पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्याच अभिलेखागारात जमा झाले. म्हणजे ज्या संस्थेचे ते प्रमुख होते, तिच्याच कपाटात त्यांची फाइल पडून होती.

४/ न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की, १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय इतिहासकारांच्या समितीला त्यांच्या हातून प्रत्यक्ष गुन्हा घडल्याचा पुरावा मिळाला नाही. मात्र अत्याचारांची त्यांना माहिती होती आणि त्यांनी आपला भूतकाळ दडवला, हे स्पष्ट झाले. प्रश्न असा की, निवडीच्या वेळी हे कोणीच का विचारले नाही?

५/ उत्तर निवडपद्धतीत आहे. सनदेच्या ९७ व्या कलमात या पदाच्या निवडीविषयी एवढेच म्हटले आहे, की सुरक्षा परिषदेच्या शिफारशीवरून आमसभा सरचिटणिसाची नेमणूक करील. पात्रता, अर्ज, मुलाखत यांचा त्यात उल्लेखही नाही.

६/ २४ जानेवारी १९४६ च्या ठरावाने ही वाट आणखी अरुंद केली. परिषदेने शक्यतो एकच नाव पाठवावे आणि त्यावर आमसभेत चर्चा टाळावी, असे ठरले. सर्वांना मान्य होणारा माणूस हवा, तर त्याची जाहीर चिरफाड नको, हा त्यामागचा विचार होता. तो अगदीच निराधार नव्हता. पण त्यामुळे आमसभेच्या हाती केवळ होकार उरला.

७/ १९५३ मध्ये तर गंमतच झाली. आपली निवड झाल्याची वार्ता कळली, तेव्हा स्वीडनच्या दाग हामरशोल्ड यांना तो ‘एप्रिल फूल’चा विनोद वाटला. ज्याची निवड झाली, त्यालाच तिची पूर्वकल्पना नव्हती! त्याच फेरीत विजयालक्ष्मी पंडित यांचेही नाव पुढे आले होते. याच पंडित १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या.

८/ १९७१ मध्ये फिनलंडचे माक्स याकोबसन यांना सोव्हिएत संघाचा विरोध होता. अशा कात्रीतून वाल्डहाइम पुढे आले. कोणाला नको, हाच निवडीचा खरा निकष होता; उमेदवार कोण आहे, याची चौकशी त्या खोलीत कोणाचेच काम नव्हते.

९/ १९८१ मध्ये वाल्डहाइम तिसऱ्यांदा उभे राहिले. चीनने त्यांच्याविरुद्ध १६ वेळा नकाराधिकार वापरला. अमेरिकेने टांझानियाचे सलीम अहमद सलीम यांना अडवले. अखेर परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष, युगांडाचे ओलारा ओटुन्नू यांनी दोघांनाही बाजूला होण्यास राजी केले आणि पेरूचे हावियेर पेरेझ द कुएयार निवडले गेले. पुढे अनौपचारिक चाचणी मतदानाची प्रथा रुळली. त्यात कायम सदस्यांच्या मतपत्रिकांचा रंग वेगळा ठेवण्यात येऊ लागला, जेणेकरून नकाराधिकाराची चाहूल आधीच लागावी.

१०/ २००६ मध्ये भारताचे उमेदवार शशी थरूर यांना याच रंगाने रोखले. शेवटच्या चाचणीत त्यांना १० अनुकूल मते मिळाली, पण विरोधातील ३ मतांपैकी एक कायम सदस्याचे होते. थरूर यांनी माघार घेतली; दक्षिण कोरियाचे बान की-मून सरचिटणीस झाले.

११/ दार किलकिले झाले ते २०१५ मध्ये. आमसभेच्या ६९/३२१ क्रमांकाच्या ठरावानुसार उमेदवारांची नावे व परिचयपत्रे जाहीर होऊ लागली. एप्रिल २०१६ पासून उमेदवारांना आमसभेसमोर, जगभर प्रक्षेपित होणाऱ्या सभेत, प्रश्नांना सामोरे जावे लागले. एकूण १३ उमेदवार होते आणि त्यांपैकी ७ महिला. या संवादांत प्रभाव पाडणारे पोर्तुगालचे अंतोनियो गुटेरेस अखेर निवडले गेले.

१२/ तरीही अंतिम शब्द त्या पंधरा जणांच्याच खोलीत राहिला. चाचणी मतदान बंद दाराआडच झाले आणि ७ महिलांपैकी एकीचीही निवड झाली नाही. आमसभेकडे एकच नाव पाठवण्याची रीत मोडली नाही. नकाराधिकारही जागेवरच आहे.

१३/ खुली प्रक्रिया असती तर १९७१ मध्ये ती फाइल नक्की सापडली असती, असा दावा इतिहासाच्या अभ्यासकाने करू नये. पण उमेदवाराचे चरित्र जाहीर झाले, की ते ताडून पाहणारे पत्रकार, संशोधक आणि पीडितही पुढे येऊ शकतात. १९७१ मध्ये प्रश्न विचारायला जागाच नव्हती.

१४/ गुटेरेस यांची मुदत ३१ डिसेंबर २०२६ रोजी संपते. दर निवडीच्या वेळी दार किती उघडले, याचे मोजमाप होईल. ते करताना १९४८ ची ती फाइल आठवावी : कागद होता, तो पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच सोपवलेले नव्हते.