इंजिनाची ठकठक आणि मोडलेली व्याप्ती

पेट्रोलवरचा जुना पिकअप उभ्या जागी थरथरतो, मिसिंग मारतो आणि चढावर ठकठकतो. आपण दोन्हींना एकच दुखणं समजतो. पण थरथर असेल तर आधी प्लग आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण तपासायचं. ठकठकीचा इतिहास वेगळा आहे.

अमेरिकेत १९१०च्या दशकात तिचा दोष चार्ल्स केटरिंग यांच्या बॅटरी-इग्निशनवर ढकलला जात होता. केटरिंगनी थॉमस मिजलींना शोधाला लावलं. इंधन लाल केलं तर ते उष्णता जास्त शोषेल, असं अनुमान. लाल रंग हाताशी नव्हता, आयोडीन घातलं आणि ठकठक थांबली! मग दुसरे लाल रंग घालून पाहिले, तर काहीच फरक नाही. ‘जिथे लाल, तिथे शांत’ ही व्याप्तीच मोडली. फळ खरं, हेतू खोटा. ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, हे खरं कारण.

डिसेंबर १९२१ मध्ये शिशाचं संयुग सापडलं. ठकठक गेली. पण १९२४ मध्ये न्यू जर्सीत ते तयार करणारे पाच कामगार दगावले. विक्री काही काळ थांबली, तरी पुन्हा सुरू झाली. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं.

तेव्हा गाडी ठकठकली, तर टायमिंग, साचलेला कार्बन, पेट्रोलचा ऑक्टेन एकेक करून पाहू या. आवाज थांबला म्हणजे कारण कळलं, असं नव्हे. आणि उपाय निर्दोष ठरला, असं तर मुळीच नव्हे.